दगडी चेहऱ्याची तालीम

रविवार, १२ ऑगस्ट १९५६
बारामती

आजपासून रोजनिशी. वही नवी, शाई नवी, निश्चयही नवा. दिवाळीपर्यंत माझा चेहरा आणि माझा राग, दोन्ही मुठीत आणायचे. चेहरा तसा आहेच, रागाचं थोडं काम बाकी आहे.

झालं ते आधी लिहितो. गुरुवारी कौसल्येला पंचमीसाठी माहेरी न्यायला तिचा धाकटा भाऊ सर्जेराव इंदापूरहून मुराळी म्हणून आला. जेवणं झाली. मी म्हणालो, एसटीला अवकाश आहे, दोन डाव टाकू. आम्ही तीन पत्ती खेळतो, पण पैसे लावून नाही, चिंचोके लावून. पत्ते सर्जेरावच घेऊन आला होता. आता या गड्याची गंमत अशी की मला चांगली पानं आली की तो हातातली पानं खाली टाकून डाव सोडतो, आणि माझ्याकडे भुक्कड पानं असली की शेवटपर्यंत भिडतो. आम्ही खेळायला लागल्यापासून हे असंच चाललं आहे. त्या दिवशी मला तीन राजे आले. मी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. स्वस्थपणे पानसुपारीची चंची सोडली, सगळ्यांसाठी पान लावायला घेतलं आणि मोठी चाल केली. सर्जेरावनं पत्ते खाली ठेवले आणि हसला!

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "पत्त्यांना खुणा केल्या आहेत तुम्ही."

तो उठून उभा राहिला. "दाजी, चोर म्हनलासा मला?"

"म्हणालो."

"मग खोट दाखवून द्या. तवर ह्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा न्हाय." आणि तो चालू लागला. कौसल्या बोचकं काखेत धरून दारातच उभी होती. मी म्हणालो, "जा की तू. तुला कुणी अडवलंय?" ती म्हणाली, "कुनाबरूबर जाऊ?" मग तिनं बोचकं सोडून लुगडी पुन्हा पेटीत ठेवली.

मी उगाच आरोप करणारा माणूस नाही. गुळाच्या बाजारात दलाली करत माझी हयात चालली आहे. आमच्याकडे सौदा रुमालाखाली होतो. व्यापाऱ्याचा हात आणि माझा हात, वर रुमाल, आणि बोटं दाबून भाव ठरायचा. गुळाचा मालक समोर उभा असतो, दुसरे व्यापारी माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेले असतात, पण कुणाला काही कळत नाही. "मोहनरावांच्या तोंडावरून काही कळायचं नाही" असं सगळा बाजार म्हणतो. मग सर्जेरावला कळतं ते कशावरून? पत्त्यांवरून. दुसरं काही असूच शकत नाही.

तरी दोन गोष्टी करायच्या. एक, चेहरा आणखी पक्का करायचा, म्हणजे शंकेला जागाच नको. दुसरी, भडकायचं नाही. मग दिवाळीत माझे स्वतःचे पत्ते घेऊन इंदापूरला जायचं, त्याला हरवायचं, आणि आवाज न चढवता त्याची लबाडी त्याच्या पदरात घालायची.

कौसल्येनं एवढंच विचारलं, "भाऊबीजंचं कसं करायचं?" तिला आईबाप नाहीत, हा एकच भाऊ. आजवर एकही भाऊबीज चुकलेली नाही. मी म्हणालो, "त्याचीच तयारी करतोय."

गुरुवार, १६ ऑगस्ट

बाजार चांगला झाला. सकाळी आरशासमोर बसून तालीम केली. मनात म्हणायचं, तीन एक्के आले, आणि तोंड तसंच ठेवायचं. मग म्हणायचं, सगळे चिंचोके गेले, आणि तोंड तसंच. भुवई उजवीकडून किंचित वर जाते असं आढळलं. तिला बोटानं दाबून धरलं.

कौसल्या चहा घेऊन आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "दाढ दुखतीया का? लवंग देऊ?"

म्हणजे सराव जमतो आहे.

रविवार, २६ ऑगस्ट

रविवारी दुपारी आमची बैठक आप्पांच्या ओसरीवर असते. आप्पा निवृत्त तलाठी, वयानं मोठे, जीभ तिखट. पैसे लावून खेळायचं नाही हा त्यांचाच दंडक. तिसरा गडी म्हस्कू, बाजारात काट्यावर माल तोलणारा तोलार. आज रागावर नवा उपाय काढला. राग आला की बोलण्याआधी तांब्याभर पाणी प्यायचं. तोंडात पाणी असताना माणसाला ओरडता येत नाही.

उपाय रामबाण आहे. पाच डाव हरलो आणि एकदाही ओरडलो नाही. फक्त मध्ये तीनदा उठून मागच्या अंगणात जावं लागलं. आप्पा म्हणाले, "मोहनराव, खेळायला आलात की विहीर उपसायला?" मी हसलोसुद्धा नाही. पूर्वीचा मी असतो तर पत्ते भिरकावून घरी आलो असतो.

रविवार, ९ सप्टेंबर

आजचं नीट लिहिलं पाहिजे.

पत्ते माझे. कालच दुकानातून आणलेले, पाकीट आप्पांसमोर फोडलेलं. मला बदामाचे एक्का, राजा, राणी आले. असा हात वर्षात एखाद्या वेळी येतो. चेहरा दगड. श्वाससुद्धा मोजून घेतला. शांतपणे पान लावायला घेतलं, सुपारी कातरली, म्हस्कूला पान दिलं, आप्पांना दिलं, आणि अगदी सहज दिसेल अशी लहानशी चाल केली. म्हस्कूनं पान तोंडात टाकलं आणि पत्ते खाली. आप्पांनी पान तोंडात टाकलं आणि पत्ते खाली. बदामाचे एक्का, राजा, राणी, आणि मिळकत दोन चिंचोके!

तांब्या पूर्ण रिकामा केला. मग विचार केला. माझ्या पाठीमागे आप्पांच्या वडिलांची तसबीर आहे, तिच्या काचेत माझी पानं दिसत असणार. पुढच्या खेपेला खांबाला पाठ लावून बसायचं.

रविवार, १६ सप्टेंबर

खांबाला पाठ लावून बसलो. तरीही तेच.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

तालीम घरीही चालू ठेवली आहे. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही म्हणजे कुठंच नाही. आज कौसल्येनं भरली वांगी केली होती. तिच्या हाताला चव आहे हे मी एरवी दोन घासांत बोलून दाखवतो. आज बोललो नाही. ती पळी घेऊन उभी राहिली होती. मी जेवलो, हात धुतले, खुंटीवरची चंची काढून सोप्यात बसलो.

ती लगेच बाहेर आली. चेहरा एकदम खुललेला. म्हणाली, "अवो, सर्जासाठी एक फेटा घ्यावा म्हंते. भाऊबीजंला. गुलाबी." मला नवल वाटलं. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्यासाठी फेटा, आणि तोही मलाच मागते! सकाळी मी सर्जेरावच्या नावानं चिडलो होतो तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती. पण जेवण उत्तम झालं होतं, आत्मा तृप्त होता, म्हणालो, "घे."

तिला नेमकी वेळ कशी साधते कोण जाणे. आजवर मी तिला नाही म्हणालो असं फारसं आठवत नाही, आणि मी तर सहजी हो म्हणणारा माणूस नाही. माझ्या स्वभावात मला वाटतं त्यापेक्षा दिलदारपणा जास्त असावा.

रविवार, ७ ऑक्टोबर

आज घसरलो. लिहायची लाज वाटते, पण खोटं लिहायचं तर वही कशाला.

तीन नहले आले होते. चेहरा दगड, पानसुपारी, सगळं शांत. म्हस्कूनं पत्ते टाकले, वर माझ्याकडे बघून गालात हसला. पंचमीच्या वेळी सर्जेराव हसला होता अगदी तसंच. तांब्याला हात घातला तर तांब्या रिकामा. आणि मग तोंडाला येईल ते म्हस्कूला बोललो. तो गरीब खाली मान घालून म्हणाला, "मालक, पत्ते तुमचेच हायती की. वाटलेबी तुमीच."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. पत्ते माझे. वाटले मी. म्हस्कूला खुणा करायला वेळ कधी मिळाला? आणि म्हस्कूला खुणांशिवाय कळत असेल तर मग पंचमीला सर्जेरावलाही

हे वाक्य पुरं करत नाही. थकवा आला की माणसाच्या मनात भलते विचार येतात.

सोमवार, ८ ऑक्टोबर

सकाळी काट्यापाशी जाऊन म्हस्कूला म्हणालो, "काल बोललो ते मागे घेतो." बाजारातले चारजण ऐकत होते. तो इतका गोंधळला की हातातलं वजन त्याच्याच पायावर पडता पडता राहिलं. सांगण्यासारखी गोष्ट ही की बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. मागे घेणं ओरडण्यापेक्षा सोपं जातं, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

बाजारात बोलवा आहे की रुमालाचा सौदा बंद करून उघडा लिलाव आणणार. व्यापारी धुसफुसत आहेत. मला काळजी नाही. रुमाल गेला तरी माझं तोंड कुठं जातंय?

आप्पांना हे सांगितलं तर म्हातारा खो खो हसला. म्हणाला, "रुमाल गेला तर सगळ्यात मोठी आफत तुमच्यावरच, मोहनराव." कारण विचारलं तर म्हणे, "पान लावा एक, मग सांगतो." पान खाल्लं आणि सांगितलं नाहीच. वयामुळे असं होतं.

कौसल्येनं पेटीतून ओवाळणीचं तबक काढून घासलं आहे. मला म्हणाली, "मी भाऊबीजंला इंदापूरला जानार. तुमी यायचं तर या. पर आलासा तर वरडू नका." ती असं सरळ कधी बोलत नाही. फेटा गुलाबी आणला आहे, चांगला आहे.

मी तयार आहे. म्हस्कूच्या प्रसंगानंतर फक्त एकदा आवाज चढला, आणि तोही गवळ्यावर, रास्त कारणानं.

सोमवार, ५ नोव्हेंबर

काल भाऊबीज झाली. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळच्या एसटीनं इंदापूरला पोचलो. माझ्या खिशात न फोडलेलं पत्त्यांचं पाकीट, कौसल्येच्या मांडीवर तबक, फेटा आणि करंज्यांचा डबा.

सर्जेरावचं घर गावाबाहेर, लिंबाच्या बागेत. त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला म्हणाला, "या दाजी. बसा." आवाज कोरडा. कौसल्येनं पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. सर्जेराव पाटावर बसेना.

"आक्का, चोराला ओवाळायचं नसतं. दाजींनी आदुगर सांगावं मी चोर हाय का न्हाय."

कौसल्या तबक धरून उभी राहिली. मी शांतपणे पाकीट काढलं. "पत्ते नवे आहेत. वाटतो मी. खेळू आणि पाहू." खरं सांगतो, माझ्या आवाजावर मलाच अभिमान वाटला.

घोंगडीवर बसलो. पहिले काही डाव इकडचे तिकडे झाले. मग मी वाटलेल्या डावात मला तीन एक्के आले. तीन एक्के! तालमीत रोज सकाळी आरशासमोर मनात धरत होतो तेच. भुवई जागच्या जागी, श्वास जागच्या जागी. त्या क्षणी कुणी माझा फोटो काढला असता तर तो मारुतीच्या देवळात दगडाऐवजी चालला असता. मी हळूच चाल केली.

सर्जेरावनं पानं खाली ठेवली.

रक्त सरसरून वर चढलं ते मला कळलं. शेजारी पाण्याचा तांब्या होता. प्यालो. सगळा प्यालो. पाणी संपलं तेव्हा राग पुरता गेला नव्हता, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी सापडलं. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं मी सांगत आलो, विचारलं कधीच नाही.

म्हणालो, "सर्जेराव, तुम्हाला कळतं कसं?"

तो चमकला. मग त्यानं माझ्याकडे नाही, बहिणीकडे पाहिलं. "आक्का, सांगू?"

कौसल्येनं तबक पाटाजवळ ठेवलं. ती म्हणाली, "सांग. इचारत्यात तर सांग."

"दाजी, हाताकडं बघा."

मी खाली पाहिलं. माझ्या मांडीवर चंची सोडलेली होती. डाव्या हातात पान, त्याला चुना लावून झालेला. उजव्या हातात अडकित्ता. हे मी कधी काढलं, कधी सोडलं, देवाशपथ मला ठाऊक नाही.

"चांगली पानं आली की तुमी चंची सोडता," सर्जेराव म्हणाला. "दर खेपंला. तोंड तुमचं दगडाचंच हाय, त्यात काय वाद न्हाय. पर बाजारात तुमचं हात रुमालाखाली असत्यात, दाजी. हितं कुठं रुमाल हाय?"

मी त्या पानाकडे किती वेळ पाहत होतो कोण जाणे. तीन राजे, बदामाचे एक्का-राजा-राणी, तीन नहले, सगळे डोळ्यांपुढून गेले, आणि प्रत्येकाबरोबर एकेक विडा. म्हस्कू, आप्पा, सगळ्यांनी माझीच पानं खाल्ली आणि माझ्यावरच डाव उलटवले.

"मग पंचमीला का नाही बोललात?" मी विचारलं. "मी तुम्हाला चोर म्हणालो. हे एक वाक्य बोलला असतात तर मिटलं असतं."

सर्जेरावनं पुन्हा बहिणीकडे पाहिलं. कौसल्याच बोलली. "मी शपथ घातली हुती त्याला. ल्हान हुता तवा आपल्याकडं आला, तुमच्याकडं जत्रंला जायाला पैसं मागितलं, तुमी त्याच्यावर वसकन वरडलासा. रडत माज्याकडं आला. मी सांगितलं, दाजी चंची सोडत्यात तवा माग, मग न्हाय म्हनत न्हाईत. आन् म्हनलं, कुनाला बोलशील तर माजी शपथ. त्यास्नी कळलं तर तेबी बंद करतील. मग मला कशावरनं कळायचं तुमी खूश हायसा ते?"

म्हणून त्या पोरानं चोर म्हणवून घेतलं, उंबरा सोडला, पण बहिणीची खूण सांगितली नाही.

मी हातातलं पान पुरं केलं, त्यात सुपारी, कात, वेलदोडा घातला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी सर्जेरावपुढे धरलं. "पत्ते चांगले होते, सर्जेराव. माणूसही चांगला होता. खोट माझ्या बोलण्यात होती."

त्यानं विडा घेतला, तोंडात टाकला आणि पाटावर जाऊन बसला. कौसल्येनं ओवाळलं. फेटा त्याला फारच शोभला. जेवताना तो म्हणाला, "दाजी, त्या तीन एक्क्यांस्नी मला भिडायचं हुतं बरं का. मोह लई झाला." सगळे हसलो.

आजही या सगळ्याचं थोडं श्रेय मी माझ्या तालमीला देतो. चेहऱ्याचा सराव फुकट गेला हे मान्य. पण पाण्याच्या तांब्याचा उपाय माझाच होता.

रविवार, ११ नोव्हेंबर

आप्पांच्या ओसरीवर गेलो. तीन फुटकळ पानांवर मुद्दाम चंची सोडली. दोघांनीही पत्ते टाकले! पुढच्या चांगल्या पानांवर चंचीला हात लावला नाही, आणि दोघेही चिंचोक्यांसकट बुडाले. आप्पांनी माझ्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "तुम्ही का नाही सांगितलंत?" म्हणे, "सांगितलं असतं तर पान बंद झालं असतं." आता या वर्षी माझ्यासमोर बसायला बारामतीत कुणी धजेल असं वाटत नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

बाजारात आज कटकट. माझ्या हातात आलेला सौदा शेवटच्या क्षणी मोडला. घरी आलो तो त्रासूनच.

जेवताना लक्षात आलं, इंदापूरहून आल्यापासून कौसल्येनं माझ्याकडे काही म्हणून काही मागितलेलं नाही. वाढते, तांब्या ठेवते, बाजूला उभी राहते. आज तिची नजर पकडली. ती माझ्या हातांकडे पाहत होती, आणि मी पाहिल्याबरोबर तिनं नजर वळवली. पत्त्यांचा डाव मी जिंकू लागलो आहे, आणि तिच्याजवळचा एकच पत्ता मी तिच्या हातातून काढून घेतला आहे, हे मला तिथं ताटावर कळलं. फार वाईट वाटलं.

हात धुतले. खुंटीवरून चंची काढली आणि तिच्या समोर बसून सोडली.

ती पाहत राहिली. खरं की खोटं, याचा अंदाज घेत होती. मी पानाला चुना लावला. मग ती हळूच म्हणाली, "माघात चार दीस सर्जाकडं जाऊन येऊ का?"

"जा की. न्यायला त्यालाच बोलाव."

चंची सोडली तेव्हा मी काही खूश नव्हतो. पान लावून होईपर्यंत झालो.